डीएनएसला कोणी हातही लावला नाही, तरी पावत्या स्पॅममध्ये! एसपीएफ, डीकिम, डीमार्कची देखभाल कशी करता?

कोरीपाटी (धागाकर्ती)

मंडळी, एका छोट्या संस्थेच्या वेबसाइटचा आणि मेलचा कारभार माझ्याकडे आहे. (नवख्यांसाठी: डीएनएस म्हणजे डोमेनच्या नावाची जाहीर नोंदवही. त्यातली एसपीएफ ही नोंद सांगते की आमच्या नावाने कोणत्या सर्व्हरनी मेल पाठवायची, डीकिम म्हणजे मेलवरची डिजिटल सही, आणि डीमार्क म्हणजे हे दोन्ही नापास झालं तर मेलचं काय करायचं याची सूचना.) सध्या एक विचित्र प्रकार चालू आहे. ऑफिसातून जाणाऱ्या नेहमीच्या मेल्स व्यवस्थित पोचतात. वार्तापत्रही पोचतं. पण देणगीदारांना आपोआप जाणाऱ्या पावत्या स्पॅममध्ये पडायला लागल्या आहेत, आणि त्याही सगळ्या नाहीत. एकाच माणसाला एक पावती इनबॉक्समध्ये मिळते, पुढची स्पॅममध्ये.

पावत्यांच्या सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं तर "आमच्याकडून सगळं ठीक आहे, तुमचा एसपीएफ बघा" एवढंच उत्तर. बघितला. डीएनएसच्या पॅनेलमध्ये शेवटच्या बदलाची तारीख काही वर्षांपूर्वीची आहे. म्हणजे कोणी काहीच बदललेलं नाही. मग आत्ताच काय बिघडलं?

रेकॉर्ड असं आहे (कंपन्यांची नावं काढली आहेत आणि देवनागरीत उतरवलंय; ए म्हणजे वेबसाइटचा सर्व्हर, एमएक्स म्हणजे मेल घेणारे सर्व्हर, ~ऑल म्हणजे बाकी सगळे संशयास्पद):

व्ही=एसपीएफ१ ए एमएक्स इन्क्लूड:मेलबॉक्सवाले इन्क्लूड:वार्तापत्रवाले इन्क्लूड:जुने-होस्टिंगवाले इन्क्लूड:पावतीवाले ~ऑल

डीमार्कमध्ये पी=क्वारंटाइन (नापास मेल स्पॅममध्ये टाका) आहे. ते कोणी आणि का केलं हे सांगणारं आता इथे कोणी नाही. मेल घेणारे सर्व्हर पाठवतात त्या रिपोर्टसाठी रुआमध्ये एक पत्ता आहे, तो कोणाचा ते शोधतेय.

टकमक

पावतीवाल्यांसाठी आणखी एक एसपीएफ रेकॉर्ड टाकून बघा. फक्त त्यांचाच इन्क्लूड असलेलं.

जुना_खांब

@टकमक, एवढं मात्र नको. एका नावावर व्ही=एसपीएफ१ ने सुरू होणारी दोन टीएक्सटी (मजकुराची) रेकॉर्ड्स दिसली की समोरचा सर्व्हर त्यातलं खरं कोणतं याचा निवाडा करत बसत नाही, सरळ 'पर्मएरर' (रेकॉर्डच चुकलंय असा शेरा) देऊन मोकळा होतो. आत्ता थोड्या पावत्या अडकताहेत, मग ऑफिसच्या मेल्सही अडकतील.

@कोरीपाटी, "कोणी हात लावला नाही" यातच बहुतेक तुमचं उत्तर आहे. इन्क्लूड लिहिलं की तुम्ही दुसऱ्याच्या रेकॉर्डवर विसंबता. त्यांनी त्यांच्याकडे फेरफार केला की तुमचं रेकॉर्डही बदललं, फक्त तुमच्या पॅनेलला त्याचा पत्ता नसतो.

एसपीएफच्या मानकात (आरएफसी ७२०८, २०१४ सालचं) एक मर्यादा घातलेली आहे. एक मेल तपासताना १० पेक्षा जास्त डीएनएस लुकअप (डीएनएसला केलेल्या विचारणा) लागले तर पर्मएरर. इन्क्लूड, ए, एमएक्स, पीटीआर, एग्झिस्ट्स, रिडायरेक्ट हे मोजले जातात. आयपी४, आयपी६ (सर्व्हरचे थेट आकडी पत्ते) आणि शेवटचा ऑल मोजत नाहीत. आणि मोजणी इन्क्लूडच्या पोटातल्या इन्क्लूडपर्यंत जाते. लोक वरवरची संख्या बघतात, "आपले तर चारच इन्क्लूड आहेत" म्हणतात आणि फसतात.

एनएसलुकअप किंवा डिग (डीएनएसमधली रेकॉर्ड्स दाखवणाऱ्या कमांड) घ्या, प्रत्येक इन्क्लूडचं टीएक्सटी रेकॉर्ड उघडा, आत काय आहे ते लिहून काढा. नेटवर तपासून देणारी पानं आहेत, पण एकदा हाताने करा. काय चाललंय ते तेव्हाच नीट डोक्यात शिरतं.

कोरीपाटी

केलं. डावीकडून उजवीकडे:

ए: १
एमएक्स: १
मेलबॉक्सवाले: स्वतःचा १, आत आणखी ३
वार्तापत्रवाले: १, आत फक्त आयपी
जुने होस्टिंगवाले: १, आत फक्त आयपी
पावतीवाले: १, आत ३

एकूण १२. पण १२ होत असतील तर सगळंच बंद पडायला हवं होतं ना? ऑफिसच्या मेल्स कशा जातात?

जुना_खांब

छान केलंत. आता त्या आकड्यांकडेच बघा.

एसपीएफ डावीकडून उजवीकडे तपासला जातो आणि आयपी जुळला की तिथेच थांबतो. ऑफिसची मेल मेलबॉक्सवाल्यांच्या सर्व्हरवरून येते. सहाव्या लुकअपच्या आत ती जुळते आणि तपासणी संपते. पुढे किती इन्क्लूड आहेत याच्याशी तिला देणंघेणं नाही.

पावतीचं बघा. ए १, एमएक्स २, मेलबॉक्सवाले ६ पर्यंत, वार्तापत्र ७, जुनं होस्टिंग ८, पावतीवाले ९. त्यांच्या आतला पहिला इन्क्लूड १० वा. पावती त्या पहिल्या गटातल्या आयपीवरून निघाली तर पास. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गटातून निघाली तर ११ वा लुकअप लागतो आणि पर्मएरर. कोणत्या सर्व्हरवरून पावती सुटेल हे त्यांची यंत्रणा त्या त्या वेळी ठरवते. म्हणून एकाच माणसाला कधी इकडे, कधी तिकडे.

माझा अंदाज असा, की पूर्वी पावतीवाल्यांच्या पोटात एकच इन्क्लूड असणार. तेव्हा बेरीज बरोबर १० होती आणि सगळं काठावर चालत होतं. त्यांचे सर्व्हर वाढले, त्यांनी रेकॉर्डचे तीन तुकडे केले आणि तुमचा काठ ओलांडला. त्यांच्या दृष्टीने "सगळं ठीक आहे" हे खोटं नाही.

रातकिडा

काय सुंदर केस आहे! वाचनखूण साठवली.

एक भर. १० च्या मर्यादेसोबत एक धाकटी मर्यादाही आहे. ज्या लुकअपला काहीच उत्तर येत नाही असे 'रिकामे' लुकअप दोनपेक्षा जास्त झाले तरी पर्मएरर देता येतो. जुन्या, बंद पडलेल्या नावांकडे बोट दाखवणारे ए आणि एमएक्स रेकॉर्डमध्ये साचले की हे होतं. आणि ज्या नावाचा इन्क्लूड केलाय त्या नावावर एसपीएफ रेकॉर्डच उरलं नसेल तर मर्यादेची वाटही बघायला नको, तो एकटाच पर्मएररला पुरेसा आहे.

कोरीपाटी

कळलं! पण अजून एक शंका. पावतीवाले म्हणतात त्यांच्या मेलवर डीकिमची सही असते. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' करून बघितलं तर डीकिम पास दिसतं. एसपीएफ फेल, डीकिम पास, आणि डीमार्क मात्र फेल. दोन्हींपैकी एक पास असलं तरी चालतं असं मी वाचलं होतं.

अर्धविराम

एक पास असलं तरी चालतं, पण ते पास *तुमच्या* डोमेनच्या नावाने हवं. यालाच अलाइनमेंट म्हणतात, आणि निम्मे घोळ इथेच होतात.

त्याच मेलच्या हेडरमध्ये डीकिम-सिग्नेचरची ओळ शोधा. त्यात डी= च्या पुढे काय आहे? पैज लावते, पावतीवाल्यांचंच डोमेन असेल. सही खरी आहे, पण ती त्यांची आहे. 'प्रेषक' या ओळीत मात्र तुमचं डोमेन आहे. डीमार्क विचारतो, प्रेषकाच्या ओळीतलं डोमेन आणि सही करणाऱ्याचं डोमेन एका घरचं आहे का? नाही. मग ती सही डीमार्कच्या लेखी नसल्यासारखीच. एसपीएफचंही तसंच. तो प्रेषकाची ओळ बघतच नाही, तो लिफाफ्यावरचा पत्ता बघतो, म्हणजे रिटर्न-पाथ. तुमच्या बाबतीत तिथे तुमचंच डोमेन होतं, म्हणून एसपीएफच्या जिवावर गाडी चालली होती. तो गेला आणि हातात काही उरलं नाही.

पावतीवाल्यांच्या सेटिंगमध्ये 'कस्टम डोमेन', 'डोमेन ऑथेंटिकेशन' असं काहीतरी असेलच. ते चालू केलं की दोन-तीन सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारी रेकॉर्ड्स) देतील, ती डीएनएसमध्ये टाकायची. मग ते तुमच्या नावाने सही करतील. हे आधी करा. एसपीएफची साफसफाई त्यानंतर.

टकमक

मग जेव्हा सेवा घेतली तेव्हाच हे का नाही केलं कोणी?

मुक्काम_पोस्ट

कारण तेव्हा त्याशिवाय चालत होतं, दुसरं काय.

मी होस्टिंगच्या सपोर्टला आहे, त्यामुळे हे रोज बघतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले. सगळ्यांनाच एसपीएफ किंवा डीकिम हवं, आणि जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या घरात मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम दोन्ही, शिवाय डीमार्क रेकॉर्ड (निदान पी=नन, म्हणजे 'नापास मेलचं काही करू नका', तरी) आणि अलाइनमेंट हवी. मायक्रोसॉफ्टनेही मे २०२५ पासून आउटलुक डॉट कॉमसाठी तशीच अट घातली. मग काय, सगळीकडे घाईघाईने डीमार्क टाकले गेले. कुठल्या तरी पानावरून ओळ उचलायची, चिकटवायची, हिरवी खूण दिसली की विसरायचं. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत रेकॉर्डच नाही असं आता क्वचित असतं. रेकॉर्ड असतं, पण ते संस्थेची कधीकाळची परिस्थिती सांगत असतं.

बाउन्स (मेल पोचली नाही असं सांगणारं उत्तर) आला असेल तर त्यातला कोड वाचत चला. जीमेलचा ५.७.२६ म्हणजे ऑथेंटिकेशनचाच प्रश्न. लोक आख्खा बाउन्स डिलीट करून "मेल जात नाही" एवढंच कळवतात.

सीनेम टाकताना दोन गोष्टी. एक, बरीच पॅनेल्स नावाच्या शेवटी तुमचं डोमेन आपोआप जोडतात. तुम्ही पूर्ण नाव चिकटवलंत की डोमेन दोनदा लागतं आणि रेकॉर्ड सापडत नाही. दुसरं, डीएनएस क्लाउडफ्लेअरवर असेल तर डीकिमच्या सीनेमसमोरचा नारंगी ढग बंद करून राखाडी करा, नाहीतर बाहेरच्यांना सीनेम दिसतच नाही.

रातकिडा

तिसरी: रेकॉर्ड टाकायच्या *आधी* उतावीळपणे तपासू नका. "असं नाव नाही" हे उत्तरही कॅशमध्ये राहतं. मग टाकल्यावर तासभर दिसत नाही आणि माणूस आहे ते बरोबर रेकॉर्ड बिघडवत बसतो.

सहज_सुचलं

माझा या विषयाशी संबंध नाही, पण वाचायला मजा येतेय. बाळबोध प्रश्न: ते जुने होस्टिंगवाले अजून यादीत आहेत, त्यांनी काय बिघडतं? एक लुकअप जातो तेवढंच ना?

अर्धविराम

बाळबोध मुळीच नाही, धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे हा.

इन्क्लूड म्हणजे सही केलेला कोरा चेक. "या कंपनीच्या सर्व्हरवरून माझ्या नावाने आलेली मेल खरी माना" असं तुम्ही जगाला सांगता. शेअर्ड होस्टिंगच्या त्याच सर्व्हरवर अजूनही असंख्य लोक आहेत. त्यांच्यापैकी कोणाचंही खातं हॅक झालं आणि होस्टिंगवाल्यांनी पाठवणाऱ्याचं डोमेन तपासायची काळजी घेतलेली नसली, तर तिथून तुमच्या नावाने सुटलेली मेल एसपीएफ पास होते, रिटर्न-पाथमध्येही तुमचंच नाव असल्याने अलाइनमेंटही जुळते, आणि डीमार्कही पास. म्हणजे तुमच्या नावाची खोटी मेल तुमच्याच रेकॉर्डने खरी ठरवली.

याच्याही पुढची पायरी म्हणजे ज्या डोमेनचा इन्क्लूड केलाय ते डोमेनच मुदत संपून सुटणं. २०२४ च्या फेब्रुवारीत गार्डिओ लॅब्सने 'सबडोमेलिंग' नावाचा प्रकार उघड केला तो हाच. नामांकित कंपन्यांच्या डीएनएसमध्ये जुन्या मोहिमांची सीनेम आणि इन्क्लूड तसेच पडून होते, ती जुनी डोमेन्स बेवारस झाली होती. चोरांनी ती रीतसर विकत घेतली, स्वतःच्या सर्व्हरचे आयपी तिथे लिहिले आणि त्या कंपन्यांच्या नावाने स्पॅम पाठवला, ऑथेंटिकेशन पास होऊन! ८,००० हून जास्त डोमेन्स त्यात सापडली. एमएसएनचं एक जुनं सबडोमेनही त्यात होतं. कोणाचाही पासवर्ड चोरावा लागला नाही. फक्त कोणी काढायला विसरलेली एक ओळ शोधावी लागली.

म्हणून माझं मत ठाम आहे. या रेकॉर्ड्समध्ये भर घालायला सगळे पुढे असतात, कारण भर घातली नाही तर मेल अडते आणि कोणीतरी ओरडतं. काढलं नाही म्हणून कोणीच ओरडत नाही. देखभाल म्हणायची तर ती काढण्याची.

जुना_खांब

सहमत. फक्त 'काढा' म्हणून लगेच कात्री घेऊन बसू नका. त्या जुन्या होस्टिंगवरून अजून एखादी मेल जात नाही ना, याची खात्री डीमार्कच्या रिपोर्टमधून करायची. @कोरीपाटी, रुआतला तो पत्ता सापडला का?

कोरीपाटी

सापडला, आणि डोक्याला हात लावला. पूर्वी काम बघणाऱ्या एकांची मेलबॉक्स आहे, ते सोडून गेल्यावर ती कोणी उघडलेली नाही. आत हजारो झिप आणि जीझिप फायली. एक उघडली, एक्सएमएल आहे. पावतीवाल्यांच्या एका आयपीसमोर असं दिसतंय:

पॉलिसी_इव्हॅल्युएटेड: डिस्पोझिशन क्वारंटाइन, डीकिम फेल, एसपीएफ फेल
आणि त्याच्याच खाली,
ऑथ_रिझल्ट्स: डीकिम पास, एसपीएफ पर्मएरर

एकाच मेलला डीकिम फेल आणि पास दोन्ही?

जुना_खांब

वरच्या खणात डीमार्कचा निकाल असतो, म्हणजे अलाइनमेंट धरून. खालच्या खणात नुसता तांत्रिक निकाल असतो, सही तपासली आणि जुळली. खाली पास आणि वर फेल असं दिसलं की समजायचं, मेल खरी आहे पण परक्या नावाने सही झाली आहे. बहुतेक वेळा ही तुमचीच एखादी सेवा असते, तिचं कस्टम डोमेन लावायचं राहिलेलं असतं. खाली-वर दोन्हीकडे सगळंच फेल असेल आणि आयपी ओळखीचा नसेल, तर तो बहुधा तोतया. किंवा कोणीतरी मध्ये फॉरवर्ड केलंय.

फॉरवर्डिंगमध्ये एसपीएफ तुटतो, कारण मेल तिसऱ्याच सर्व्हरवरून पोचते. डीकिम टिकतं, जोवर मध्ये कोणी मजकुराला हात लावत नाही. मेलिंग लिस्टवाले खाली एक ओळ चिकटवतात, विषयात कंसात नाव घालतात, आणि सही मोडते. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनला पी=रिजेक्ट (नापास मेल नाकारा) लावलं तेव्हा जगभरच्या मेलिंग लिस्टवर याहूवाल्यांच्या मेल्स उडायला लागल्या होत्या. ज्यांनी तेव्हा लिस्ट सांभाळली त्यांना तो महिना अजून आठवत असेल.

त्या हजारो फायली वाचू नका. ताज्या काही आठवड्यांच्या घ्या, आयपीनुसार एकत्र करा. हे करून देणाऱ्या सेवा आहेत, मोफत ओपन सोर्स साधनंही आहेत. आणि रुआ ताबडतोब बदला. माणसाच्या नावाचा पत्ता नको, कामाच्या नावाचा द्या, म्हणजे माणूस बदलला तरी पत्ता राहील. बाहेरच्या सेवेचा पत्ता देणार असाल तर "या डोमेनचे रिपोर्ट आम्ही घेतो" असं एक रेकॉर्ड त्यांना त्यांच्या डीएनएसमध्ये ठेवावं लागतं. ते नसेल तर रिपोर्ट येत नाहीत आणि का येत नाहीत हे कोणी सांगतही नाही.

टकमक

आणि सॉफ्टफेल की हार्डफेल? तिल्डे ऑल (~ऑल) काढून उणे ऑल (-ऑल, बाकी सगळे नाकारा) करायला नको का? आमच्या ऑडिटवाल्याने त्यावरून लाल शेरा मारला होता.

रातकिडा

ऑडिटवाल्यांची आवडती जागा आहे ती. डीमार्क क्वारंटाइन किंवा रिजेक्टवर असेल तर तिल्डे ऑलच बरा. उणे ऑल पाहून काही सर्व्हर मेल दारातच नाकारतात, डीकिम तपासायची वेळच येत नाही. मग फॉरवर्ड झालेली खरी मेलही मरते. निर्णय डीमार्कवर सोडा. ज्या डोमेनवरून मेल जातच नाही तिथे मात्र बिनधास्त उणे ऑल.

मुक्काम_पोस्ट

+१. त्या न पाठवणाऱ्या डोमेन्सकडे तर कोणाचंच लक्ष नसतं. संस्थेने घेऊन ठेवलेली इतर नावं, जुन्या कार्यक्रमांची नावं. प्रत्येकावर फक्त 'व्ही=एसपीएफ१ -ऑल', डीमार्क पी=रिजेक्ट आणि शून्य एमएक्स (प्राधान्य ०, नावाच्या जागी नुसतं टिंब) टाकून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

सहज_सुचलं

लुकअप १० च्या वर जातात तर सगळे आयपीच एकदा काढून थेट लिहून टाकले तर? मोजणीच नाही!

जुना_खांब

याला फ्लॅटनिंग म्हणतात आणि हाताने केलेलं फ्लॅटनिंग म्हणजे रोगापेक्षा औषध वाईट. तुम्ही आज उतरवलेले आयपी त्या कंपनीने पुढच्या महिन्यात बदलले की नव्या सर्व्हरची मेल फेल, आणि जुना आयपी दुसऱ्या कोणाला मिळाला की त्याची मेल पास. इन्क्लूडचा त्रास हा की दुसऱ्याचा बदल तुमच्यात शिरतो. फ्लॅटनिंगचा त्रास हा की तो शिरत नाही. सतत आपोआप ताजं करणारी व्यवस्था असेल तरच त्या वाटेला जा, आणि ती व्यवस्था बंद पडली तर कोणाला कळेल हेही ठरवा.

त्यापेक्षा सबडोमेन. पावत्यांच्या रिटर्न-पाथसाठी 'पावती' असं सबडोमेन करायचं, त्याचं स्वतःचं एसपीएफ, स्वतःचे १० लुकअप. डीमार्कची अलाइनमेंट मुळात शिथिल असते, त्यामुळे मुख्य डोमेन आणि सबडोमेन एकाच घरचे धरले जातात. रेकॉर्डमध्ये एएसपीएफ=एस लिहून कोणी ती कडक केलेली नाही ना, तेवढं बघून घ्या.

कोरीपाटी

एएसपीएफ वगैरे काही नाही. मग मी असं करू का: ए काढते, एमएक्स काढते, जुनं होस्टिंग काढते, पावत्या सबडोमेनवर. राहतात मेलबॉक्सवाल्यांचे ४ आणि वार्तापत्राचा १.

अर्धविराम

वार्तापत्राचं रिटर्न-पाथ बघा आधी. त्यांचं स्वतःचं डोमेन असेल (बहुतेकांचं असतं) तर तुमच्या एसपीएफमधला त्यांचा इन्क्लूड कोणी कधी बघतच नाही. तो शोभेचा आहे. त्यांचं काम डीकिमवर चाललंय.

एमएक्स जायला हरकत नाही, मेल घेणारे आणि पाठवणारे सर्व्हर मोठ्या सेवांमध्ये वेगळेच असतात. ए काढायच्या आधी मात्र थांबा. वेबसाइटवर संपर्काचा फॉर्म आहे?

कोरीपाटी

आहे. आणि आत्ताच रिपोर्टमध्ये वेबसाइटच्या सर्व्हरचा आयपी सापडला, थोड्याच मेल्स आहेत पण आहेत. म्हणजे फॉर्म तिथूनच मेल टाकतोय. ए काढला असता तर फॉर्मच्या मेल्स क्वारंटाइनमध्ये गेल्या असत्या आणि कोणाला कळलंही नसतं.

मुक्काम_पोस्ट

फॉर्मला मेलबॉक्सवाल्यांच्या एसएमटीपीतून (मेल पाठवणाऱ्या सर्व्हरमधून) लॉगिन करून पाठवायला लावा. एसपीएफ आणि डीकिम दोन्ही आपोआप जमतात, आणि वेबसाइट उद्या दुसरीकडे हलवली तरी मेलला धक्का नाही. आणि फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता प्रेषकाच्या ओळीत टाकू नका, रिप्लाय-टूमध्ये टाका. नाहीतर तुम्ही जीमेलच्या नावाने मेल पाठवणारे तोतया ठरता.

टकमक

डीकिमच्या किल्ल्या बदलत राहायच्या असतात म्हणे. कोण बदलतं खरंच?

रातकिडा

फार कमी लोक. मेल उद्योगाची एम-थ्री-ए-ए-डब्ल्यू-जी ही संघटना निदान सहा महिन्यांनी बदला म्हणते. सीनेमने दिलेलं असेल तर सेवा देणारेच मागच्या मागे बदलतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ दोन सिलेक्टर (किल्ली डीएनएसमध्ये ज्या नावाने ठेवतात ते नाव) देतं ते याचसाठी, एक चालू असतो तेव्हा दुसरा पुढच्या पाळीसाठी. म्हणून "हा दुसरा कुठे वापरलेला दिसत नाही" म्हणून तो उडवू नका.

किल्ली स्वतःच टीएक्सटीमध्ये टाकली असेल तर ती आधी मोजा. १०२४ बिट अजून चालतात, पण २०४८ हव्यात. २०१२ मध्ये गाजलेला किस्सा: एका गणितज्ञाला गूगलकडून नोकरीच्या विचारणेची मेल आली. त्याने हेडरमध्ये बघितलं तर डीकिमची किल्ली ५१२ बिटांची. त्याला वाटलं ही आपली परीक्षा असणार. त्याने ती फोडली आणि गूगलच्या एका संस्थापकाच्या नावाने दुसऱ्या संस्थापकाला मेल पाठवली! उत्तर आलं नाही, पण दोन दिवसांत किल्ली २०४८ ची झाली. परीक्षा वगैरे काही नव्हती, जुनी किल्ली तशीच राहिली होती.

बदलायची रीत: नवा सिलेक्टर डीएनएसमध्ये टाका, तो सगळीकडे दिसायला लागला की सही नव्या किल्लीने सुरू करा, जुना सिलेक्टर आठवडाभर राहू द्या कारण रांगेत अडकलेल्या मेल्स काही दिवस उशिरा पोचतात. मग जुन्याचं पी= (डीकिमच्या रेकॉर्डमध्ये पी म्हणजे किल्ली) रिकामं करा, म्हणजे किल्ली रद्द. आणि २०४८ ची किल्ली २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, पॅनेल ती तोडून घेतं की शेपूट कापतं ते टाकल्यावर डिगने बघा.

अवांतर: जुन्या किल्ल्या मागे घेण्याचं आणखी एक कारण आहे. डीएनएसमध्ये किल्ली आहे तोवर फुटलेली कोणतीही जुनी मेल कोणालाही खरी ठरवता येते. २०१६ मध्ये विकिलीक्सने टाकलेल्या अमेरिकी निवडणुकीतल्या कित्येक मेल्स लोकांनी डीकिमवरूनच पडताळल्या होत्या.

सहज_सुचलं

हे सगळं कोणी आणि कधी करायचं? म्हणजे कॅलेंडरमध्ये लावून ठेवायचं का?

अर्धविराम

कॅलेंडर लावा, तिमाहीला एकदा यादी तपासा, चांगलंच आहे. पण खरा बदल कॅलेंडर बघून होत नाही. कोणीतरी नवी सेवा घेतं तेव्हा होतो, आणि कोणीतरी जुनी सेवा बंद करतं तेव्हा. वार्तापत्रवाल्यांचे पैसे भरणं थांबवणारा माणूस आणि डीएनएस बघणारा माणूस वेगळे असतात, आणि पहिला दुसऱ्याला सांगत नाही. आमच्याकडे मी एवढंच करून घेतलं, की सेवा बंद करण्याच्या कागदावर "डीएनएसमधून काढलं" असा एक रकाना आहे. तो भरल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. आणि प्रत्येक रेकॉर्डसमोर एका साध्या तक्त्यात: कशासाठी, कोणी मागितलं, कोणाला विचारून काढायचं. डीएनएस पॅनेलमध्ये शेरा लिहायची सोय असेल तर तिथेच.

टकमक

तुमच्या ऑफिसात रकाने भरतात लोक? नशीबवान आहात.

कोरीपाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्तापर्यंतचं: पावतीवाल्यांचं कस्टम डोमेन लावलं, आता त्यांची डीकिम सही आमच्या नावाने होते आणि ताज्या रिपोर्टमध्ये वर-खाली दोन्हीकडे पास दिसतंय. फॉर्म एसएमटीपीवर नेला. वार्तापत्राचं रिटर्न-पाथ खरंच त्यांचंच निघालं, तो इन्क्लूड काढला. जुनं होस्टिंगही काढलं, ताज्या रिपोर्ट्समध्ये त्यांच्या आयपीवरून आमची एकही मेल नव्हती. रेकॉर्डमध्ये आता दोनच इन्क्लूड उरलेत, मेलबॉक्सवाले आणि पावतीवाले.

पी=रिजेक्टवर कधी जावं? आणि पावत्यांचं सबडोमेन अजून करायचं आहे, त्यात एसपीएफशिवाय काही लागतं का?

जुना_खांब

रिजेक्टची घाई नको. संस्थेची वर्षातून एकदाच जाणारी मेल असते ना, सभेची सूचना, वार्षिक अहवाल, ती कोण पाठवतं ते विचारून घ्या. ती एखाद्या भलत्याच सेवेतून जात असेल तर आत्ताच्या रिपोर्टमध्ये दिसणार नाही. तेवढं एक चक्र पूर्ण होऊ द्या, मग जा.

सबडोमेनला एमएक्स लागेल. रिटर्न-पाथ तिथे असणार, म्हणजे बाउन्सही तिथेच परत येणार. पावतीवाले एसपीएफच्या टीएक्सटीसोबत त्यांचा एमएक्स देतील, दोन्ही टाका. काही जण दोन्हींऐवजी एकच सीनेम देतात. तसं असेल तर त्या नावावर दुसरं काहीही टाकू नका, सीनेमच्या शेजारी दुसरं रेकॉर्ड चालत नाही.